अस्माराचं काँक्रीट: पारतंत्र्यातल्या इमारती स्वतंत्र देशाने का आणि कशा जपायच्या?

पेट्रोल पंप विमानासारखा दिसायची काही गरज नसते. तरीही १९३८ साली जुझेप्पे पेत्ताझ्झी या इटालियन इंजिनिअरने अस्मारात तसा एक पंप बांधला. मधोमध विमानाच्या नाकासारखा काचेचा बुरूज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे पंख. एकेक पंख सुमारे १५ मीटर लांब आणि खाली एकही खांब नाही. नगरपालिकेचा यावर विश्वास बसेना, म्हणून नकाशात खांब दाखवावे लागले आणि बांधताना टेकूही लावले गेले. उद्‌घाटनाच्या दिवशी पेत्ताझ्झीने पिस्तुलाच्या जोरावर ते टेकू काढायला लावले, अशी दंतकथा आहे. पिस्तूल ठेकेदाराच्या डोक्याला लावलं होतं की पेत्ताझ्झीने स्वतःच्याच, याबद्दल सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पंख मात्र ऐंशीहून अधिक वर्षं तसेच उभे आहेत. या इमारतीला 'फियात तालियेरो' म्हणतात.

अस्मारा ही इरिट्रियाची राजधानी. तांबड्या समुद्राच्या काठच्या या चिमुकल्या देशात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर, पठाराच्या टोकाला हे शहर वसलंय. जुलै २०१७ मध्ये पोलंडमधल्या क्राकूवला भरलेल्या बैठकीत युनेस्कोने अस्मारा जागतिक वारशाच्या यादीत घेतली. एखादी इमारत नव्हे, ४८१ हेक्टरचं अख्खं शहर. इरिट्रियाचं या यादीतलं ते पहिलंच नाव.

इथे दोन प्रश्न उभे राहतात. एक सरळ दिसतो: ज्या इमारती मुसोलिनीच्या काळात, गोऱ्यांसाठी, स्थानिकांना बाजूला सारून बांधल्या गेल्या, त्या जपा असं त्याच स्थानिकांच्या नातवंडांनी जगाला का सांगावं? दुसऱ्या प्रश्नाची चर्चा कमी होते: ठरवलं तरी हे जपायचं कसं? काँक्रीट ही जपायला फार हट्टी वस्तू आहे. मला दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच अवघड वाटतो. आणि दोघांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

सहा वर्षांत उभं राहिलेलं शहर

इटालियन आले तेव्हा हे पठार ओसाड नव्हतं. इथली जुनी कथा सांगते, की या भागात चार गावं होती, सततच्या लुटालुटीला कंटाळून तिथल्या बायकांनी पुरुषांना एकत्र यायला भाग पाडलं आणि त्यातून एक गाव झालं. 'अर्बाते अस्मेरा' हा त्या जुन्या वस्तीचा भाग आजही शहरात आहे.

१८८९ मध्ये इटालियन सैन्य इथे पोचलं आणि १८९० मध्ये इरिट्रिया ही वसाहत जाहीर झाली. आधी राजधानी मसावा बंदरात होती. तिथला उकाडा भयंकर, म्हणून कारभार वर पठारावर हलवला. १९११ मध्ये मसावाहून घाट चढत रेल्वे अस्मारात आली. ओदोआर्दो कावान्यारी या इंजिनिअरने १९१३ आणि १९१६ मध्ये नगररचनेचे आराखडे केले. या काळातल्या इमारती इटलीची जुनी रूपं मिरवणाऱ्या आहेत. १९२३ चं लाल विटांचं कॅथलिक चर्च पाहिलं तर उत्तर इटलीतल्या एखाद्या गावात आल्यासारखं वाटेल.

मग १९३५ उजाडलं. मुसोलिनीने इथिओपियावर आक्रमण केलं आणि त्यासाठी अस्मारा हा तळ ठरला. सैनिक, मजूर, ट्रकचालक, ठेकेदार, कारकून यांचे लोंढे आले. १९३९ च्या सुमारास शहरातल्या जवळपास ९८,००० लोकांपैकी ५३,००० इटालियन होते. या माणसांना घरं, कचेऱ्या, सिनेमागृहं, गॅरेज आणि कॉफीबार हवे होते, तेही ताबडतोब. आज अस्माराचं जे रूप जग पाहतं त्यातलं बहुतेक १९३५ ते १९४१ या सहा वर्षांतलं आहे.

घाई होती आणि त्या काळच्या तरुण वास्तुरचनाकारांना एका नव्या विचाराने झपाटलंही होतं. इटलीत त्याला रॅशनॅलिझम म्हणत. थोडक्यात सांगायचं तर इमारतीला कोरीव काम, कमानी, महिरपी यांचा साज चढवायचा नाही. तिचं काम काय आणि ती कशाने बनलीय, यातूनच तिचा आकार ठरू द्यायचा. सपाट छप्पर, आडव्या खिडक्यांच्या पट्ट्या, गोलाई घेतलेले कोपरे, जहाजावर असतात तशा गोल खिडक्या. लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटमुळे पूर्वी अशक्य असलेले आकार शक्य झाले होते आणि ते करून दाखवायची हौस होती. मारियो मेसिनाचं १९३७ चं सिनेमा इम्पेरो घ्या. गडद लाल रंगाचा उंच, सपाट दर्शनी भाग, त्यावर उभ्या ओळींत गोल दिवे आणि नावाची मोठाली उभी अक्षरं. नक्षी अशी काहीच नाही.

सगळंच एका साच्यातलं नव्हतं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. ग्वीदो फेराझ्झाने १९३८ मध्ये बांधलेल्या मोठ्या मशिदीचा मिनार रोमन खांबासारखा उभ्या पन्हळींचा आहे. न्दा मरियम या ऑर्थोडॉक्स चर्चच्या संकुलात या डोंगराळ भागाची बांधकामाची स्वतःची रीत डोकावते. इथे दगडाच्या थरांमध्ये लाकडी तुळया घालतात आणि तुळयांची गोल टोकं भिंतीबाहेर ठेवतात. अस्मारा म्हणजे रोमची नक्कल, असं म्हणणाऱ्यांनी या दोन ठिकाणी जरा थांबावं.

नकाशातली भिंत

आता न आवडणारी बाजू. कावान्यारीच्या आराखड्यातच शहराचे चार भाग पाडले होते: युरोपियनांचा, मिश्र वस्तीचा, स्थानिकांचा आणि कारखान्यांचा. मिश्र भागात यहुदी, ग्रीक, अरब असे व्यापारी. १९३७-३८ मध्ये फॅसिस्टांचे वर्णभेदाचे कायदे आले आणि रेषा आणखी कडक झाल्या. इटालियन पुरुष आणि इरिट्रियन बाई यांनी एकत्र संसार करणं गुन्हा ठरला. व्हित्तोरिओ काफिएरोच्या नव्या आराखड्यात वेगळं राहणं हीच मुख्य कल्पना होती.

युरोपियन भागात रुंद रस्ते, ताडाची झाडं, गटारं, बंगल्यांना बागा. उत्तरेकडच्या अब्बाशाउल वस्तीत दाटीवाटीची घरं आणि जवळपास शून्य सोयी. इरिट्रियन माणसाने हे शहर दगड वाहून, काँक्रीट कालवून बांधलं आणि त्यातल्या हमरस्त्यावरच्या कॉफीबारमध्ये बसायची त्यालाच बंदी होती.

म्हणूनच युनेस्कोच्या नोंदीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील तालियेरोचे पंख हा नाही. वारशाच्या सीमेत अब्बाशाउल आणि अर्बाते अस्मेरा या आराखड्याबाहेर वाढलेल्या वस्त्याही घेतल्या आहेत. नुसते बंगले आणि सिनेमागृहं घेतली असती तर पर्यटकांसाठी 'छोटं रोम' झालं असतं आणि खोटा इतिहास टिकला असता. शहर कशासाठी, कुणाला वगळून आखलं गेलं, हे दोन्ही भाग शेजारी असले तरच कळतं.

मराठा पलटण आणि पुढचं

इटालियन सत्ता संपवण्यात आपल्याकडच्या माणसांचा थेट हात आहे. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये अस्माराच्या वाटेवरच्या केरेनला जी लढाई झाली, ती प्रामुख्याने चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनने लढली. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. केरेनचा युद्धसन्मान आजही या रेजिमेंटच्या नावावर आहे. केरेनच्या युद्धस्मशानात हिंदू आणि शीख सैनिकांसाठी वेगळं स्मारक आहे. केरेन पडलं आणि १ एप्रिलला अस्मारा ब्रिटिशांच्या हाती आली, जवळजवळ न लढता. त्यामुळे इमारती वाचल्या.

ब्रिटिशांनी अकरा वर्षं कारभार केला आणि बरंच काही उचलूनही नेलं. मसावा ते अस्मारा सुमारे ७५ किलोमीटरचा मालवाहू रोपवे, जो त्या काळी जगातला सर्वांत लांब मानला जाई, तो त्यांच्याच काळात मोडीत निघाला. १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्य, १९६२ मध्ये सरळ विलीनीकरण आणि १९६१ पासून तीस वर्षांचं स्वातंत्र्ययुद्ध. २४ मे १९९१ रोजी बंडखोर सेना अस्मारात शिरली तेव्हा इथिओपियन फौज पळत होती. शहर पुन्हा एकदा फारशा पडझडीविना हातबदल झालं.

या सगळ्या काळात मुख्य रस्त्याचं नाव मुसोलिनी, इटली, हैले सेलासी असं बदलत गेलं. आता तो हार्नेत म्हणजे स्वातंत्र्य मार्ग आहे. संध्याकाळी लोक त्याच रस्त्यावर फेरफटका मारतात आणि त्याच कॉफीबारमध्ये बसून माकियातो कॉफी पितात. पूर्वी जिथे बसायला बंदी होती तिथे रोज जाऊन बसणं हा ताबा घेण्याचा एक मार्गच आहे. इरिट्रियन लोकांचा युक्तिवादही साधारण असाच आहे: आराखडा त्यांचा असेल, पण घाम आमचा होता, आणि गेली ऐंशी वर्षं राहतोय आम्ही.

वाचलं कसं?

याचं खरं उत्तर थोडं ओशाळवाणं आहे. पैसा नव्हता म्हणून वाचलं. अदिस अबाबा, नैरोबीसारख्या शहरांत जुनं पाडून टॉवर उभे राहिले, तेव्हा अस्मारा युद्धात किंवा युद्धाच्या सावलीत होती. पाडायलाही भांडवल लागतं.

स्वातंत्र्यानंतर १९९० च्या दशकात पैसा थोडा हलू लागला, मध्यवर्ती भागात उंच इमारतींचे बेत आले आणि काही लोक सावध झाले. २००१ च्या सुमारास ऐतिहासिक हद्द ठरवून तिथे नव्या बांधकामाला स्थगिती देण्यात आली. जागतिक बँकेच्या कर्जातून सांस्कृतिक ठेव्याच्या पुनरुज्जीवनाचा एक प्रकल्प झाला. २०१४ मध्ये नगरपालिकेच्या पुढाकाराने 'अस्मारा हेरिटेज प्रोजेक्ट' सुरू झाला. त्यात हजारो इमारतींची पाहणी झाली आणि इटालियन काळापासून नगरपालिकेच्या दप्तरात पडून असलेले मूळ नकाशे स्कॅन केले गेले. जतनाच्या कामात यापेक्षा मोलाची वस्तू नाही. खिडकीची चौकट मुळात किती जाड होती, गिलाव्याचा रंग कोणता होता, सळई कुठून गेलीय, हे अंदाजाने ठरवायचं की कागद पाहून, इतका त्यात फरक पडतो.

पण २००१ हेच ते वर्ष ज्याच्या सप्टेंबरात सरकारने देशातली सगळी खासगी वर्तमानपत्रं बंद केली. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय निवडणूक झालेलीच नाही. १८ महिन्यांची म्हणून सांगितलेली सक्तीची राष्ट्रसेवा अनेकांसाठी संपतच नाही आणि तरुण देश सोडून जातात. २००६ मध्ये खासगी बांधकाम कंपन्यांवरच बंदी आली. बाहेरून येणारे लेखक अस्माराला 'काळ थांबलेलं शहर' म्हणून गौरवतात तेव्हा मला चीड येते. काळ थांबलेला नाही, माणसांचे हात बांधलेत. न पाडणं आणि जपणं यात फरक आहे. जपायला गवंडी, सिमेंट, पैसे आणि तक्रार करायची मोकळीक लागते.

काँक्रीट आतून कसं मरतं

आता दुसरा प्रश्न. आठशे वर्षांचं दगडी देऊळ उभं राहतं आणि ऐंशी वर्षांचा छज्जा कोसळायला येतो, असं का होतं?

काँक्रीट दाब छान सोसतं, ताण मुळीच नाही. म्हणून त्यात लोखंडी सळया घालतात. ताण सळया घेतात, दाब काँक्रीट घेतं. तालियेरोचे पंख याच जोडीवर तरंगतात: पंख खाली झुकू पाहतात, वरच्या पृष्ठभागाजवळ ताण येतो आणि तिथल्या सळया त्याला धरून ठेवतात. याचा अर्थ, सळई गेली की पंख गेला.

ताजं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२-१३ च्या आसपास असतो. अशा वातावरणात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत मुरत जातो आणि काँक्रीटची अल्कता कमी करतो. अल्कता कमी झालेल्या भागाची सीमा सरकत सरकत सळईपर्यंत पोचली, पीएच ९ च्या खाली आला, की तो थर नाहीसा होतो. आता पाणी मिळालं की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. बाटलीत कोंबून भरलेले हरभरे पाणी पिऊन फुगले की बाटली फुटते, तसं काँक्रीट आतून फुटतं. आधी बारीक चीर, मग पोपडा, मग सळई उघडी.

१९३० च्या दशकात हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. सळईवर काँक्रीटचं आवरण किती जाड हवं, याचे आजचे नियम तेव्हा नव्हते. शिवाय पातळ, डौलदार कडा हीच तर त्या शैलीची शान होती. म्हणजे जे सुंदर, तेच नाजूक. त्यात सपाट छप्पर. जरासा उतार चुकला, पाण्याची मोरी तुंबली, की पाणी साचतं आणि स्लॅबमध्ये उतरतं.

अस्माराचं नशीब इतकंच की हवा कोरडी आणि थंड आहे. पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर, तोही बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. पाण्याशिवाय गंज चढत नाही. मुंबईशी तुलना करा. मरीन ड्राइव्ह परिसरातल्या आर्ट डेको इमारती साधारण याच काळातल्या, इरॉस सिनेमाही १९३८ चाच. त्या युनेस्कोच्या यादीत अस्मारानंतर एका वर्षाने, २०१८ मध्ये आल्या. पण त्यांना चार महिने मुसळधार पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. मिठातलं क्लोराइड तर पीएच चांगला असतानाही सळईचा संरक्षक थर फोडतं. आणखी एक मोठा फरक आहे. मुंबईच्या त्या इमारतींचे मालक आणि बरेचसे वास्तुरचनाकार भारतीय होते. अस्मारात इरिट्रियन माणूस मालकही नव्हता, रचनाकारही नव्हता.

दुरुस्ती करायची तर सोपा उपाय सगळ्यांना सुचतो: पोपडा काढा, सिमेंट थापा, रंग मारा. तिथेच फसगत होते. नव्या सिमेंटचा तुकडा अल्कधर्मी, शेजारचं जुनं काँक्रीट तसं नाही. एकाच सळईच्या दोन भागांत विजेचा फरक तयार होतो आणि ठिगळाच्या कडेने गंज आणखी वेगाने चढतो. दोन-चार वर्षांत ठिगळाभोवती नवी चीर. नीट करायचं तर खराब झालेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत खोदायचं, सळई घासून स्वच्छ करायची, गेली असेल तिथे जोड द्यायची, जुन्याशी जुळेल अशा ताकदीचं आणि पोताचं मिश्रण भरायचं आणि मुळात पाणी कुठून येतंय ते शोधायचं. यातलं शेवटचं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पावसाळ्याआधी छपरावरची पन्हळं साफ ठेवली तरी कित्येक स्लॅब वाचतील.

दुसरी चूक भिंतींची. अस्मारातल्या बऱ्याच इमारती दिसायला गुळगुळीत काँक्रीटच्या, पण गिलाव्याआड भिंती स्थानिक दगडाच्या किंवा विटांच्या आहेत. अशा भिंतीला ओल बाहेर टाकू देणारा चुन्याचा गिलावा लागतो. वरून कडक सिमेंट आणि प्लॅस्टिकसारखा रंग चढवला की ओल आत कोंडते. तिसरी खिडक्यांची: बारीक लोखंडी चौकटी काढून जाड अॅल्युमिनियम बसवलं की दर्शनी भागाची आडवी रेघच मोडते. मॉडर्न इमारतीत लपायला नक्षी नसते, त्यामुळे दोन सेंटिमीटरचा फरकही डोळ्यात खुपतो.

कारागीर कुठून आणायचे? इथे मला मेदेबेर आठवतं. जुन्या कारवान-सरायीतला हा बाजार. तिथे जुन्या पिंपांच्या शेगड्या, टायरच्या चपला, भंगारातून अवजारं, असं दिवसभर ठोकाठोक करून बनतं. लोखंडी चौकट सरळ करायला युरोपातून तज्ज्ञ आणण्याआधी मेदेबेरचे लोहार विचारात घ्यायला हवेत.

कोण राहतं, कोण देतं

१९७५ मध्ये इथिओपियाच्या लष्करी राजवटीने शहरी जमीन आणि जादा घरं सरकारजमा केली. त्यानंतर एकेका बंगल्यात अनेक कुटुंबं आली. अशा घरांत राहणारा माणूस पाण्याची टाकी छपरावर ठेवणार, व्हरांडा बंद करून खोली काढणार. त्याला तज्ज्ञांच्या भाषेत विद्रूपीकरण म्हणतात, त्याच्या भाषेत संसार. घर आपलं नाही, भाडं थोडं, दुरुस्तीचा खर्च अफाट, असा पेच मुंबईतल्या जुन्या चाळींत राहिलेल्यांना समजावून सांगायला नको.

युनेस्कोची पाटी इथे काय करते? ती पैसे देते, हा पहिला गैरसमज दूर करू; ती पैसे फारसे देत नाही. यादीत नाव आलं की देशावर जबाबदारी येते: संवर्धन आराखडा हवा, ठरावीक काळाने अहवाल हवा, हद्दीभोवती संरक्षित पट्टा हवा. अस्माराचा तो पट्टा १,२०३ हेक्टरचा आहे. २०१५ मध्ये इरिट्रियाने वारसा संरक्षणाचा कायदाही केला. कागद तयार आहेत. आता काम अब्बाशाउलपासून सुरू व्हावं, असं माझं मत. तिथे गटारं, पाणी, पक्की छपरं दिली तर तेही वारशाचंच जतन आहे, कारण ती वस्तीही त्याच हद्दीत आहे. नुसती इम्पेरोची दर्शनी भिंत रंगवली तर कावान्यारीची रेषा आपण नव्याने गिरवू.

आणि घाट उतरून मसावाला गेलं की वेगळंच दिसतं. प्रवाळाच्या दगडांची घरं, लाकडी जाळीचे सज्जे, ऑटोमन आणि इजिप्शियन काळापासूनचं बंदर, जिथे गुजराती व्यापाऱ्यांचीही ये-जा होती. १९९० मध्ये इरिट्रियाच्या मुक्तिसेनेने ते घेतल्यावर इथिओपियन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. त्या पडझडीच्या खुणा जुन्या शहरात अजून आहेत आणि खारी हवा उरलेलं खातेय. इरिट्रियाचं जागतिक यादीतलं स्थळ मात्र अजून एकच आहे. अस्माराचे नकाशे दप्तरात सापडले कारण इटालियन कारकुनांनी ते जपून ठेवले होते. मसावाच्या गवंड्यांनी नकाशे काढलेच नव्हते. तिथे जतन करायचं तर आधी प्रत्येक घर मोजून कागदावर आणावं लागेल, तेही ते घर उभं आहे तोवर.